मनोऱ्याची उंची

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या नगराचं नाव आता कुणालाच आठवत नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी ते नगर वसलं होतं. तिथे शारंगधर नावाचा म्हातारा कथेकरी राहायचा. इतर कथेकरी होऊन गेलेल्या राजांच्या गोष्टी सांगत. हा मात्र अजून न उजाडलेल्या दिवसांच्या सांगायचा.

एका संध्याकाळी दरबारात त्यानं अशीच एक गोष्ट सांगितली. माणसं डोंगर फोडतात आणि त्या दगडांचा ढगाला टेकणारा मनोरा बांधतात. पण डोंगर संपतो तसे त्याच्या पोटातले झरे आटतात, आणि मनोऱ्याच्या सावलीत सारं नगर तहानेनं मरतं.

सांगताना त्याचा आवाज कापत होता. ऐकणाऱ्यांचे डोळे मात्र चमकत होते.

राजानं विचारलं, "शारंगधरबुवा, तो मनोरा किती हात उंच होता?"

"महाराज, मी झऱ्यांची गोष्ट सांगितली."

"तीही ऐकली. ऐकून वाईट वाटलं. पण उंची सांगा."

म्हातारा पुन्हा झऱ्यांचंच सांगू लागला. गवंड्यांनी आपापसांत अंदाज बांधला, आणि महिन्याभरात डोंगरावर घण वाजू लागले.

शारंगधर रोज खाणीच्या तोंडाशी जाऊन बसायचा. एक पाथरवटीण त्याला हाताला धरून बाजूला करायची. ती मायेनं म्हणायची, "आजोबा, तुमचाच तर मनोरा बांधतोय आम्ही. तुम्हाला आनंद नाही का होत?"



बारा वर्षांनी मनोरा पुरा झाला. तेराव्या वर्षी शेवटची विहीर आटली. कितीतरी माणसं गेली. पाथरवटिणीची दोन लेकरंही गेली. उरलेले लोक चालत शेजारच्या राज्याच्या वेशीपाशी पोचले, तर तिथेही डोंगर फुटत होता.

राजाचे ओठ कोरडे पडले होते. तो तिथल्या मुकादमाला म्हणाला, "बाबा रे, थांबा. आमचे झरे असेच गेले."

मुकादमानं त्याला आधी पाणी दिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "ही गोष्ट आम्हाला ठाऊक आहे. आमची मुलंसुद्धा ती आवडीनं ऐकतात."

एवढं बोलून त्यानं पुन्हा घण उचलला.

शारंगधर रस्त्याकडेला खाली बसला. त्यानंतर त्यानं कुणालाही गोष्ट सांगितली नाही.

तात्पर्य : धोक्याची सूचना सगळेच ऐकतात, पण ती आपल्यासाठी नाही, असं प्रत्येकाला वाटतं.