निवांतनगरातलं म्हाळूचं बिऱ्हाड

एका गावात एक भोळा होता. तसे भोळे गावोगाव असतात, पण ह्याला साऱ्या पंचक्रोशीत तोड नव्हती. नाव म्हाळू. त्याला कुणी "जरा थांब, आलोच" म्हणून गेलं की तो थांबायचा. सांगणारा घरी जाऊन, जेवून, झोपला तरी म्हाळू आपला तिथंच उभा. मनानं मात्र सोनं. सांगितलेलं मोडायचं नाही, एवढंच त्याला कळायचं. आणि तेवढ्यानंच सगळा घोटाळा व्हायचा.

ह्या म्हाळूला सांगलीत हळदीच्या गोदामात काम लागलं. लग्न नुकतंच झालेलं. बायको गोजरा अजून माहेरीच होती आणि म्हाळूचा तिच्यावर भारी जीव. पण सासरा शिदबा म्हणजे खट माणूस. त्यानं कार्ड टाकलं : "रविवारी पोरीला घेऊन येतो. ऱ्हायला जागा असली तर ठेवीन. नसली तर आल्या पावली माघारी नेईन. मग पुन्हा न्यायला येऊ नका."

कार्ड आलं सोमवारी. म्हाळू उतरला होता बनाआत्याकडं. आत्याची खोली एक आणि त्यात माणसं सहा. म्हाळूनं रात्री पाय लांब केले की चुलीला लागायचे. तिथं गोजराला कुठं ठेवणार?

आत्या म्हणाली, "आरं, निवांतनगरात जा. तिथं बंगल्यांच्या मागच्या खोल्या भाड्यानं देत्यात. पर एकट्या गड्याला न्हाई देत. बायको रविवारी येनार हाय म्हनून सांग. आन् घर नीट बघून घे. नळ सोडून बघ. दारं लावून बघ."

निवांतनगर नावासारखंच होतं. दुपारी दोन ते चार तिथं कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. पहिलं घर चिटणीसकाकांचं. काकांनी मागची खोली दाखवली. म्हाळूनं काकांना नमस्कार केला, बाहेर उभं केलं आणि दार आतून लावलं. मग खिडक्या लावल्या. मग नळ सोडला आणि समोर मांडी घालून बघत बसला. आत्यानं बघ म्हटलं होतं. किती वेळ ते सांगितलं नव्हतं. काका बाहेरून दार बडवत होते, "अहो, पाणी! पाणी दिवसातून एकदा येतं!" म्हाळू आतून म्हणाला, "येतंय काका, झकास येतंय!" टाकी रिकामी झाली, नळ सूं सूं करून थांबला, तेव्हा म्हाळूनं दार उघडलं. काकांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं, ते प्रेमानं नव्हे.

आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "आरं शहाण्या, दुसऱ्याच्या घरात कशाला हात लावायचा न्हाई! हात पाठीमागं बांधून हुबं ऱ्हायचं. आन् म्हनायचं, आहे तसं छान आहे, काही बदलू नका. मालकाला बरं वाटतं."

"बरं आत्या," म्हाळू म्हणाला.

मंगळवारी दुसरं घर. खाडिलकर नावाचे गृहस्थ शिडीवर चढून माळ्यावरची पिंपं झाडत होते. म्हाळू आत शिरला आणि तेवढ्यात शिडी सरकली. खाडिलकर दोन्ही हातांनी माळ्याच्या कडेला लोंबकळायला लागले. धोतराचा सोगा सुटून खाली आलेला.

"अहो, शिडी! शिडी लावा!"

म्हाळूनं हात पाठीमागं बांधले. वर बघून गोड हसला. म्हणाला, "आहे तसं छान आहे. काही बदलू नका."

"अरे मेलो! धर मला!"

"आहे तसं छान आहे," म्हाळू पुन्हा म्हणाला. खाडिलकर पिंपासकट खाली आले. पिंप त्यांच्या डोक्यात बसलं, आणि पिंपातून ते जे काही बोलले ते निवांतनगरात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"आरं देवा!" आत्या म्हणाली. "मानूस अडचनीत दिसला तर धावायचं! पाय घट्ट धरायचं, खाली उतरवायचं, पाठ थोपटायची आन् म्हनायचं, घाबरू नका, मी आलोय!"

"असं व्हय? आधी सांगायचं की," म्हाळू म्हणाला.

बुधवारी तिसरं घर. मालक घोरपडे, निवृत्त मामलेदार. हे रोज सकाळी पडवीत शीर्षासन करायचे. डोकं सतरंजीवर, पाय आकाशात, डोळे मिटलेले. म्हाळूनं फाटकातून पाहिलं. माणूस अडचणीत! हातातली पिशवी टाकून धावला. दोन्ही पाय घट्ट धरले आणि मामलेदारांना एका हिसक्यात खाली आडवं केलं. मान कट्कन वाजली. म्हाळू पाठ थोपटून म्हणाला, "घाबरू नका, मी आलोय!"

घोरपड्यांना पुढं आठ दिवस शेजारच्याशी बोलायचं तर अख्खं वळावं लागायचं.

आत्या आता हसावं की रडावं ह्या पंचाइतीत. "आरं, ती योगासनं! मोठी मानसं करत्यात. त्याला हात लावायचा न्हाई. उलट, मालक काय करतोय ते बघायचं आन् बाजूला बसून आपनबी तसंच करायचं. आपल्यातलाच हाय म्हनून मालक खूश हुतो."

"मालक करंल तसं करायचं," म्हाळूनं बोटावर घोकलं.

गुरुवारी गोदामात हळदीच्या गाड्या आल्या, म्हणून निवांतनगर एक दिवस वाचलं. शुक्रवारी चौथं घर. सबनीस जेवायला बसले होते. दार उघडंच होतं. म्हाळू हळूच त्यांच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. सबनीसांचं लक्ष आमटीकडं. एक भुरका मारला आणि भडकले.

"अगं, आजही आमटी खारट! जिभेला काही चव आहे की नाही?"

म्हाळूही भडकला. "अगं, आजही आमटी खारट! जिभेला काही चव आहे की नाही?"

सबनीसांनी पाटावर मूठ आपटली. म्हाळूनंही मूठ आपटली. सबनीसबाई हातात पळी घेऊन बाहेर आल्या. बघतात तर नवरे दोन!

"अहो, हा कोण?"

"मला काय माहीत!" सबनीस म्हणाले.

"मला काय माहीत!" म्हाळू म्हणाला.

बाई कडाडल्या, "माझ्या घरात येऊन मला अगं म्हणतोस? मेल्या!" आणि नवल बघा, वीस वर्षं आमटीवरून भांडणारं ते जोडपं त्या दिवशी एक झालं. सबनीसांनी दंड धरला, बाईंनी पळी उगारली आणि म्हाळू रस्त्यावर आला.

त्या संध्याकाळी म्हाळूला पहिल्यांदा रडू आलं. "आत्या, परवा गोजरा येनार. आन् सासरा तिला माघारी नेनार. मला घर का गं गावत न्हाई?"

लेकरू वाईट नव्हतं हो. आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता शेवटचं सांगते. तू काही करू नगंस. हात बांधून बस. कुनी काय बी विचारलं तर निस्तं हो म्हन. हो सोडून एक अक्षर बोललास तर माझ्याशी गाठ हाय."

शनिवारी म्हाळू पाचव्या घरी गेला. माई सरपोतदारांचं घर. फाटकावर पाटी, "जागा भाड्याने देणे आहे". माई एकट्या राहायच्या आणि बोलायला माणूस मिळाला की त्यांचं जेवण पचायचं. त्या बोलायला लागल्या. गुडघेदुखीपासून सुरुवात केली, मग नणंदेनं हडप केलेली पैठणी, मग लोणच्याला लागलेली बुरशी. म्हाळू प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता. दीड तास. एकदाही जांभई दिली नाही. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं इतकं त्यांच्या नवऱ्यानंही कधी ऐकलं नव्हतं.

"लग्न झालंय ना रे? बायको येणार ना नक्की? एकट्या पुरुषाला मी ठेवत नाही."

"हो."

"उद्याच?"

"हो."

"मग घर तुझं! ही घे किल्ली."

म्हाळूनं आत्याला खबर दिली. आत्यानं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. रविवारी सकाळीच तो वळकटी घेऊन नव्या घरी आला, खोली झाडली, पाण्याचा माठ भरला आणि गोजराची वाट बघत फाटकाशी बसला. पाटी फाटकावर तशीच. ती काढ म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नऊ वाजता एक मास्तर आले. "जागा आहे का हो?"

"हो," म्हाळू म्हणाला.

"आम्हाला मिळेल?"

"हो."

मग एक कंपाउंडर आला. त्यालाही हो. मग विमा एजंट आला, त्यालाही हो. अकरा वाजता माई देवळातून परतल्या, तर अंगणात तीन बिऱ्हाडं! मास्तरांच्या बायकोनं स्टो पेटवलेला, कंपाउंडरची पोरं पेरूच्या झाडावर, आणि विमा एजंटाची आई माईंच्याच खुर्चीत बसून माईंनाच विचारतेय, "आपण कोण?"

माईंनी तिघांना हाकलता हाकलता घसा बसवून घेतला. मग म्हाळूला समोर बसवलं. पण चांगल्या बाई त्या, रागावल्या नाहीत.

"हे बघ म्हाळू, आता ही जागा गेली. तू घेतलीस. म्हणून फाटकात कुणीही आलं तर एकच सांगायचं : जागा गेली, दुसरीकडे बघा. आणि कडी लावायची. लोक फार बेरकी असतात हो. ट्रंका घेऊनच येतात. ओळख दाखवतात, नाती काढतात, रडतात सुद्धा. कितीही गयावया केली तरी ऐकायचं नाही. कुणाचंही नाही. समजलं?"

"समजलं माई," म्हाळू म्हणाला. आणि खरंच समजलं हो त्याला. शब्द न् शब्द.

माई जेवून आडव्या झाल्या. दुपारी दीडच्या सुमाराला रिक्षा थांबली. आत्याकडून पत्ता घेऊन शिदबा आणि गोजरा उतरले. शिदबाच्या डोक्यावर ट्रंक. गोजराच्या कडेवर लिंबाच्या लोणच्याची बरणी, अंगावर हिरवं लुगडं, हातात नवा चुडा. घर बघून तिचा चेहरा फुलला. एवढ्या सावलीचं, एवढ्या फुलांचं घर आपलं, हे तिला खरंच वाटेना.

शिदबाही आज नरमला होता. "काय पाव्हणं! जागा गावली म्हनं! शाब्बास!"

म्हाळूनं उठून कडी लावली.

"जागा गेली. दुसरीकडं बघा."

"आँ?" शिदबा म्हणाला. "आवो, मी शिदबा. तुमचा सासरा."

"लोक नाती काढत्यात," म्हाळू म्हणाला.

गोजरा पुढं आली. "अवं, मी हाय. गोजरा. वळखलं न्हाई व्हय?"

"वळखलं की," म्हाळू म्हणाला. "वळख असली तरी न्हाई म्हनायचं हाय."

"अवं, मी बायको हाय तुमची!" गोजराला रडू फुटलं.

तिला रडताना बघून म्हाळूचं काळीज पिळवटलं. त्याचेही डोळे भरले. पण सांगितलेलं मोडायचं नाही. तो हुंदका गिळून म्हणाला, "रडत्यात सुद्धा. माईनं सांगितलंय."

शिदबानं एकदा जावयाकडं पाहिलं, एकदा कडीकडं पाहिलं. मग ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली. "चल पोरी. ह्या घरात आपल्याला जागा न्हाई. ह्याच्या डोक्यात मातूर लई मोकळी हाय." रिक्षा गेली.

चार वाजता माई उठल्या. सूनबाई आली असेल म्हणून हळदीकुंकवाचं तबक आणि खणाचं कापड घेऊन आल्या. बघतात तर म्हाळू एकटाच, नाक पुसत.

"बायको आली नाही का रे?"

"आली हुती. लई गयावया केली तिनं. पर मी ऐकलं न्हाई, माई. कडी लावली ती लावलीच."

तबक माईंच्या हातातून पडलं. "अरे देवा! बायकोलाच हाकललंस? आता तू एकटा पुरुष! आणि एकट्या पुरुषाला मी जागा देत नाही हे तुला माहीत नव्हतं?"

म्हाळूनं विचार केला. एकट्या पुरुषाला जागा नाही. म्हणजे त्या एकट्या पुरुषाला तसं सांगायला हवं. आणि फाटकावरचं काम तर त्याचंच. तो गुपचूप उठला. वळकटी खांद्यावर टाकली, किल्ली माईंच्या पायाशी ठेवली, फाटकाबाहेर गेला आणि बाहेरून कडी लावली. मग स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून म्हणाला, "जागा गेली. दुसरीकडं बघा." स्वतःला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, लगेच ऐकलं आणि चालायला लागला.

माईंचं मन द्रवलं. त्या फाटकाशी धावल्या. "अरे म्हाळू, थांब! वेड्या, अजून गाडी सुटली नसेल! स्टँडवर पळ, बायकोला घेऊन ये! घर तुझंच आहे रे! परत ये बाबा, मी तुझ्या पाया पडते!"

म्हाळू वळला. माईंना हात जोडून फार मायेनं म्हणाला, "माई, तुमीबी कितीबी गयावया केली तरी मी ऐकनार न्हाई. कडी लावून घ्या."