हार कुठे घालायचा?

फार पूर्वी एका बंदरगावात जहाजांचा कारखाना होता. तिथे दगावलेल्या कामगारांच्या आठवणीसाठी एका शिल्पकार बाईंनी जहाजाची पोलादी प्लेट, दोन पुरुष उंचीची, चौकात नुसती उभी केली. ना कोरीवकाम, ना रंग.

स्मृतिदिनी मंडळी हार घेऊन आली आणि शिडी लावून तिचा गळा शोधत बसली. शेवटी ठरलं, उद्या गॅसकटरने हिच्यात चेहरा कापायचा, नाहीतर भंगारात द्यायची.

"चेहरा घे बाई," शेजारच्या चौथऱ्यावरचा पंचधातूचा घोडा म्हणाला. "मला बघ, दरवर्षी हार मिळतो."

"तो तुझ्यावर बसलेल्याला मिळतो, घोडेराव."

घोडा फुरफुरला. "मिजास बघा हिची! वितळशील भट्टीत."

"भट्टीतूनच आलेय मी. पण एकाचा चेहरा घेतला, तर बाकीच्यांच्या घरच्यांनी कुठे जायचं?"

सकाळी गॅसकटरवाला मंडळींबरोबर आला. द्वारकामावशी रोजच्यासारखी उन्हाने कोमट झालेल्या प्लेटला पाठ टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. तिचा नवरा त्याच कारखान्यात दगावला होता.

"मावशी, उठा. चेहरा कापायचाय."

"कुणाचा?"

त्याने मंडळींकडे पाहिलं. अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा भाऊही तिथेच गेला होता. बाकीच्यांपैकीही कुणी नाव घेईना.

मावशी आणखी रेलून बसली. "ठरलं की सांगा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."