धाकू तांडेलाचं ‘येतो’

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक तांडेल होता. एके काळी मोठं गलबत हाकणारा हा गडी आता किनारा सोडून लांब जात नसे. त्यालाही कारण होतं. एका वादळात त्याचं गलबत फुटलं होतं, आणि तो सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावर मोडक्या पायानिशी जाऊन पडला होता.

त्या बेटावर रानातली मूळची माणसं राहत. त्यांनी धाकूला उचलून झोपडीत नेलं. एका म्हातारीने त्याचा पाय सांधला, वर पाला बांधला, लेकराला भरवावं तसं त्याला भरवलं. थोडी त्यांची बोली धाकूला आली, थोडी धाकूची त्यांना. पुढे एक जहाज त्या बाजूला आलं. तेव्हा धाकू म्हातारीच्या पाया पडला आणि म्हणाला, “येतो.”

घरी परतल्यावर त्याची बायको आवडी हिने त्याला शपथच घातली, की पुन्हा म्हणून लांबच्या सफरीला जायचं नाही. वर्षं गेली.

एके दिवशी बंदरात आलेल्या एका खलाशाने बातमी आणली. परक्या जहाजांबरोबर त्या बेटावर नवाच ताप शिरला होता. त्यावरचा पाला तिथल्या रानात उगवत नव्हता. पोरं अंथरुणाला खिळली होती. “आणि एक म्हातारी येईल त्या जहाजाला विचारते,” खलाशी म्हणाला, “धाकू आला का? येतो म्हणून सांगून गेलाय.”

धाकूला आधी हसू आलं. “अरे, ते आपलं निघतानाचं बोलणं. आपल्यात जातो म्हणत नाहीत, एवढंच.” पण त्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठला.

आवडी सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “आपल्यात जातो का म्हणत नाहीत? माणूस परत यावा म्हणूनच ना? मग त्या बाईने काय चुकीचं ऐकलं?” पुढे ती म्हणाली, “माझी शपथ सुटली. ती म्हातारी नसती, तर मी शपथ घालायला तरी तुम्ही कुठं होतात?”

पण गलबत, औषधं, वैद्य, हे काही एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. धाकूने चावडीवर गाव जमवलं आणि वर्गणीसाठी झोळी पसरली. विसूशेट दुकानदार म्हणाला, “इथं काय आजारी कमी आहेत? ती माणसं आपली कोण लागतात?”

“शेट, मी त्यांच्या वाळूत पडलो होतो, तेव्हा त्यांनी हे विचारलं नाही,” धाकू म्हणाला.

मग एकेक जण उठला. गाव करील ते राव काय करील! कोळणींनी अख्ख्या बाजाराची कमाई दिली. सुताराने जुनं गलबत नीट करून दिलं. वैद्यबुवा औषधांची गाठोडी घेऊन स्वतःच गलबतात चढले. विसूशेटनेही सुंठ आणि गूळ आणला. तोलून आणला, पण आणला.

बेटाच्या किनाऱ्यावर म्हातारी उभी होती. तिला जराही नवल वाटलं नाही. “उशीर केलास,” एवढंच ती म्हणाली, आणि वैद्यबुवांचा हात धरून त्यांना पोरांकडे घेऊन गेली. हळूहळू ताप उतरले. पोरं वाळूत खेळू लागली. वैद्यबुवांनी तिला काढा शिकवला आणि तिच्याकडून हाड सांधणारा पाला शिकून घेतला.

निघायची वेळ झाली. धाकू म्हातारीसमोर वाकला, पण नेहमीचा शब्द काही ओठांवर येईना. आता त्याचं वजन त्याला कळलं होतं. त्याने वळून गलबताकडे पाहिलं. तिथल्या फळीफळीला गावातल्या कुणाचा तरी हात लागला होता. त्याचे डोळे भरून आले. “येतो, आई,” तो म्हणाला.

म्हातारी त्याच्याच बोलीत म्हणाली, “ये.”

पुढे दरवर्षी ते गलबत औषधं घेऊन जाऊ लागलं. धाकू थकला, तेव्हा दुसरे गेले. आणि त्या गावात आजही कुणी उंबऱ्यातून “येतो” म्हणालं, की घरातलं माणूस म्हणतं, “धाकूसारखा ये.”

तात्पर्य: उपकाराला परका किनारा नसतो. आपण सहज दिलेला शब्दही कुणीतरी जपून ठेवलेला असतो. एकट्याला तो पेलत नसेल, तर गावाने मिळून पाळावा.