तीन अक्षरांची जागा

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक छापखाना होता. तिथून रोज दुपारी एकपानी वर्तमानपत्र निघे. त्याचा मथळा लावायचं काम गोदाक्काचं. मथळ्यासाठी लाकडी अक्षरांचा एकच मोठा संच होता आणि चौकटीत मावायची फक्त सहा अक्षरं. पण गोदाक्का कधी अडली नाही. रानात वाघ सापडला, तेव्हा ती लांबलचक हकिगत तिनं ‘वाघ पकडला’ एवढ्यात बसवली होती.

एका सकाळी बंधाऱ्यावरचा गवंडी धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

“अक्का, बंधारा तडकलाय! दिवस मावळायच्या आत भेग बुजवली तर वाचेल. पण आम्ही तिघंच आहोत. शंभर माणसं हवीत.”

गोदाक्का अक्षरांच्या पेटीकडे धावली. बंधाऱ्याखालच्याच आळीत तिचं घर होतं. तिनं भराभरा ‘बंधारा’ लावलं आणि पुढे ‘तडकला’ लावायला घेतलं. शेवटचा ‘ला’ चौकटीबाहेर राहिला. जागा तीन अक्षरांची, शब्द चार अक्षरांचा!

छापखान्याचे मालक मागे येऊन उभे राहिले. “अगं, ‘फुटला’ लाव की! बरोब्बर तीन अक्षरं. अंक हातोहात खपेल.”

“पण मालक, तो फुटलेला नाही.”

“मग जागा नाही, त्याला आपण काय करणार? लाव लवकर, यंत्र खोळंबलंय.”

गोदाक्कानं ‘फु’ हातात घेतला. अगदी चपखल बसला असता. पण तिच्या डोळ्यांपुढे सगळा गाव आला. ‘फुटला’ वाचल्यावर माणसं पोरंबाळं उचलून टेकडीकडे पळतील. बंधाऱ्याकडे कुणीच फिरकणार नाही. मग संध्याकाळी तो खरंच फुटेल.

तिनं ‘फु’ खाली ठेवला. “थोडा वेळ द्या, मालक. खोटं मी लावणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर उद्यापासून माझ्या जागी दुसरं कुणी बघा.”

तिनं ‘खचला’ मनात घोळवलं. तेही खोटंच. ‘गळतो’ खरं होतं, पण ते वाचून जागचं कोण उठणार? दाराशी गवंडी चुळबुळत होता. मालक येरझाऱ्या घालत होते. गोदाक्कानं डोळे मिटले. काय झालंय ते सांगायला जागा नाही ना? मग काय करायचं ते सांगू!

तिनं तीन अक्षरं उचलली आणि खटाखट चौकटीत बसवली.

‘बंधारा वाचवा’.

खाली बारीक टाइपात तिनं जुळवलं, “भेग पडली आहे. सूर्यास्ताच्या आत बुजवायची आहे. फावडी, घमेली, पोती घेऊन या.”

अंक बाजारात गेला. ज्याला वाचता येत होतं तो मथळा मोठ्यानं ओरडू लागला, ज्याला येत नव्हतं तो ऐकून धावू लागला. कुंभारानं गाडीभर माती आणली. गिरणीवाल्यानं रिकामी पोती दिली. तालमीतले पहिलवान दगड वाहू लागले. बायांनी पदर खोचून घमेली डोक्यावर घेतली. शंभर माणसं मागितली होती, आली पाचशे! मालकही धोतर वर खोचून रांगेत उभे राहिले.

सूर्य टेकला आणि शेवटचं पोतं भेगेत बसलं. पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग तेही थांबलं. एकच जल्लोष उठला!

चिखलानं माखलेले मालक उंच दगडावर चढले. “ऐका हो! आज मी खोटं छापायला निघालो होतो. या बाईनं हात आवरला, म्हणून आपलं गाव जागेवर आहे.”

कुणीतरी हलगीवर थाप मारली. बायांनी गोदाक्काला मधे घेतलं आणि वाजतगाजत सारा गाव तिला घेऊन परतला.

तात्पर्य: जागा कमी पडली म्हणून खऱ्याचं खोटं करू नये, जरा थांबून डोकं चालवलं, तर तेवढ्याच जागेत खरं बसतं.