शंभर पुटांचं शिसं

“यात उणं काय आहे, तेवढं दाखवा गुरुजी.”

असं म्हणत त्रिविक्रम शेवड्याने काचेची कुपी पुढे सरकवली आणि ऐसपैस मांडी घातली. विचारण्याचा थाट असा, की उणं निघालं तर ते दाखवणाऱ्याचंच चुकलं म्हणायचं.

समोर धारपबुवा बसले होते. नदीकाठच्या मठीत राहणारा, ऐंशी ओलांडलेला रसवैद्य. त्रिविक्रम त्यांच्याकडेच शिकला. शिकून तालुक्याला गेला, पाटी लावली, नाव कमावलं. नाव कमावलेल्या शिष्याला गुरूची आठवण होते ती बहुधा शाबासकीपुरतीच, तशी ती त्यालाही आज झाली होती.

कुपीत नागभस्म होतं. म्हणजे जाळलेलं शिसं. शिसं वनस्पतींच्या रसात घोटायचं, मातीच्या दोन परळांत बंद करायचं आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात जाळायचं. एकदा जाळलं की एक पुट झालं. मग पुन्हा घोटायचं, पुन्हा जाळायचं. जितकी पुटं जास्त तितका धातू मेला, असं ही विद्या मानते.

“किती पुटं?” बुवांनी विचारलं.

“शंभर.”

आकडा त्याने अशा रुबाबात सांगितला, की जणू गोवऱ्यासुद्धा त्यानेच थापल्या होत्या.

 बुवांनी चिमूटभर भस्म बोटांत चोळलं. ते बोटांच्या रेषांत जाऊन बसलं. मग उजेडात धरलं. चमक नव्हती. वाटीत पाणी घेऊन त्यावर ते भुरभुरलं, तर तरंगलं. वर अलगद तांदळाचा दाणा ठेवला. तोही बुडाला नाही.

“उत्तम आहे,” बुवा म्हणाले. “माझ्या हातून असं कधी उतरलं नाही.”

त्रिविक्रमला आकाश ठेंगणं झालं. मठीत काढलेल्या सगळ्या वर्षांत म्हाताऱ्याने ‘बरं आहे’च्या पुढे मजल मारली नव्हती.

“मग पहिली पुडी आपल्या हातची द्या.”

त्यांच्या परंपरेत तशी रीतच होती. शिष्याने केलेलं नवं भस्म गुरूने पारखायचं, पहिली पुडी गुरूने बांधायची, मगच ते रोग्याच्या पोटात जायचं.

बुवांनी कागदाचा तुकडा घेतला. त्याची घडी घालता घालता सहज विचारलं, “कुणासाठी?”

“घरीच. कुमुदला हवी आहे. दिवस आहेत तिला.”

घडी अर्ध्यावर राहिली.

“कितवा?”

“सातवा.”

“पोटुशी बाईला शिसं देतोस?”

“शिसं कुठं राहिलंय आता? ते मेलं. आपण आत्ताच पाहिलंत.” त्रिविक्रम हसला. म्हाताऱ्यांना एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागते, तसा हसला. “आणि आधार आहे याला. गर्भ टिकावा म्हणून देतात. श्लोक म्हणून दाखवू?”

“म्हण.”

त्याने म्हटला. खणखणीत, एकही मात्रा न चुकता.

“ग्रंथाला कूस नसते,” बुवा म्हणाले.

त्रिविक्रमला हे झोंबलं. पण गुरूपुढे तोंड टाकायचं कसं? त्याने नुसता उपरण्याचा काठ चाळवला.

“कधीपासून द्यायचा विचार आहे?”

“…देतोय. तिसऱ्या महिन्यापासून.”

“मग ही पहिली पुडी कसली?”

“वेळ घालवायचा नव्हता गुरुजी. आधीच दोनदा हात पोळलेत.”

“दोनदा काय झालं?”

आता मात्र त्रिविक्रमचा आवाज उतरला. दोन्ही वेळची ती रक्ताने भिजलेली लुगडी त्याने स्वतः धुतली होती. मोलकरणीला हात लावू दिला नव्हता.

“टिकलं नाही. पहिल्या खेपेला भस्म तीस पुटांचं होतं. कच्चं राहिलं, हे मला मागाहून कळलं. दुसऱ्या खेपेला साठ दिली. तेही गेलं. म्हणून या वेळी पुरी शंभर. रात्रीचा दिवस केला गुरुजी. हे बघा.”

त्याने तळहात पुढे केले. भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ओले. त्यात काडीची बनवाबनवी नव्हती. बायकोसाठी या माणसाने जिवाचं रान केलं होतं.

बुवा त्या हातांकडे बघत राहिले.

“पहिलं गेलं तेव्हा तू काय केलंस?”

“पुटं वाढवली.”

“दुसरं गेलं तेव्हा?”

“पुटं…”

तो थांबला. आपण एकच उत्तर दोनदा देतोय, हे त्याच्या कानांना कळलं. मन अजून ऐकायला तयार नव्हतं.

“भस्म देणं थांबवून पाहावं, असं एकदाही मनात आलं नाही?”

“थांबवून कसं चालेल? त्यानेच तर टिकणार होतं.”

बुवांनी अर्धवट घडीचा कागद बाजूला ठेवला.

“मी स्वतः घेतलंय ते,” त्रिविक्रम घाईघाईने म्हणाला. “महिनाभर घेतलं. मला काही झालं नाही.”

“तुझ्यात दुसरं कुणी वाढत होतं का?”

त्रिविक्रमने पुढे केलेले तळहात मागे घेतले.

“कुठं आहे ती?” बुवांनी विचारलं.

“खाली, जीपमध्ये. तिला चढण चढवत नाही. पोटात कळा येतात, कोठा जड असतो. सातव्यात असं व्हायचंच.”

बुवा उठले. काठी न घेताच पायऱ्या उतरू लागले. मागून त्रिविक्रम “सावकाश, सावकाश” म्हणत राहिला, पण ते थांबले नाहीत.

कुमुद मागच्या बाकावर उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. बुवांना पाहून तिने नमस्कारासाठी हात उचलले, तर दंड वर आले आणि मनगटं खालीच लोंबत राहिली. तिने ओशाळून हात पदराखाली घेतले.

“हातातून भांडी पडतात हल्ली,” ती म्हणाली. “ह्यांच्या दोन कपबशा फुटल्या.”

“तोंड उघड, मुली. ओठ खाली ओढ जरा.”

तिच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ होती. काजळाची काडी ओढावी तशी बारीक. त्रिविक्रमने ती आज पहिल्यांदा पाहिली. रोज सकाळी मधात भस्म कालवून तो तिला आपल्या हाताने चाटवत होता, पण बघायचा ते बोटाला किती उरलं एवढंच.

“अशी रेघ मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांच्या तोंडात पाहिली आहे,” बुवा म्हणाले. “ते शिसं खात नव्हते. नुसतं हाताळत होते.”

त्रिविक्रमने जीपच्या दाराची कडी धरली.

“बाळ हलतं का गं?”

कुमुदने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

“परवापासून नाही.”

“परवापासून? आणि मला बोलली नाहीस?” त्रिविक्रम ओरडलाच.

“सांगितलं असतं तर तुम्ही पुडी वाढवली असती.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. लग्न होऊन आलेली मुलगी सासरच्या रीतीभाती जशी मुकाट समजून घेते, तशी तिने ही रीतही समजून घेतली होती.

बुवांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते जीपवाल्याकडे वळले. “सरळ सरकारी दवाखान्यात घे. वाटेत कुठं थांबायचं नाही.” आणि त्रिविक्रमला म्हणाले, “गेल्या गेल्या डॉक्टरांना सांग, ही बाई शिसं खात होती. भस्म म्हणू नकोस. औषध म्हणू नकोस. शिसं म्हण.”

“तसं म्हटलं तर माझी पाटी…”

“म्हणशील?”

“…म्हणेन.”

“कुपी बरोबर ने. त्यांच्यापुढे ठेव.”

“काही उतारा द्या गुरुजी. आपल्यापाशी असेलच काहीतरी.”

“तिथं रक्त तपासतात. माझ्यापाशी ते नाही. जा.”

जीप सुरू झाली. कुमुदने डोळे मिटून घेतले होते. पदराखालचे हात पोटावर होते, कुठूनतरी हालचाल लागेल म्हणून जागा बदलत होते.

त्रिविक्रमने एक पाय जीपमध्ये ठेवला आणि तो तसाच राहिला.  बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. याच्या हाताला आयुष्यभर एकच गोष्ट लागलेली होती. तो उतरून परत फिरला, बुवांच्या अगदी जवळ आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

“सगळ्या परीक्षांत उतरलं होतं ते. आपणच उत्तम म्हणालात. मग कच्चं कुठं राहिलं? अजून किती पुटं द्यायला हवी होती, तेवढं तरी सांगा गुरुजी.”

बुवांनी जीपकडे पाहिलं. कुमुदला ऐकू जाऊ नये म्हणून त्याचा दंड धरून त्याला चार पावलं लांब नेलं. 

“त्या आगीत तीन लेकरं जळाली, त्रिविक्रम… शिसं जळलं का, ते आता तू मला सांग.”