सुपडूच्या उपरण्याची गाठ

आपला संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यामध्ये एक प्रॉक्सी, म्हणजे निरोप्या मध्यस्थ, बसलेला असतो. ही त्याच्या खापरपणजोबांची गोष्ट म्हणा हवं तर.

नदीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा जागल्या, म्हणजे गावाचा राखणदार, होता. पाटाचं पाणी आज कोणाच्या शेताला, हे पाटील ठरवत. आणि पाटील राहत टेकडीवर. सुपडू सकाळी वर जाऊन विचारून येई आणि आठवणीसाठी उपरण्याला गाठ मारी. मग दिवसभर कोणीही विचारो, "आज पाणी कोणाला?" सुपडू गाठ चाचपून पटकन सांगे. लोकांची पायपीट वाचली. सुपडूचं भलतंच कौतुक झालं आणि ते त्याच्या डोक्यात गेलं.

एकदा मथाबाई घाईघाईने आली. "सुपडू, माझं कांद्याचं रोप माना टाकतंय रे. आजचं पाणी मला द्यायला सांग पाटलांना."

"मावशी, परवा गोविंदाने हेच मागितलं, तर पाटील नाही म्हणाले. तुलाही नाहीच म्हणतील." सुपडू जागचा हलला नाही.

म्हातारी धापा टाकत स्वतःच टेकडी चढली. पाटील म्हणाले, "परवाची गोष्ट वेगळी होती. आजचं पाणी तू घे."

इकडे शेतकरी निंबा विचारायला आला. सुपडूने सकाळची गाठ चाचपली. "तुझंच पाणी, निंबाभाऊ!" निंबाने पाणी उसाला सोडलं.

मथाबाई खाली येऊन बघते तर वाफे कोरडे. ती बांधावर बसून रडू लागली आणि सुपडूला बघून म्हणाली, "पाटील हो म्हणाले रे! तू विचारलंसुद्धा नाहीस."

सुपडूला आपली चूक कळली. त्याने धावत जाऊन निंबाला हात जोडले. निंबा भला माणूस. "ऊस काय, उद्याही पिईल," म्हणत त्याने पाणी वळवून दिलं. दिवेलागणीला रोपाने मान वर काढली.

तेव्हापासून नुसतं विचारायला येणाऱ्याला सुपडू गाठीवरून सांगे. काही मागायला, बदलायला, रद्द करायला येणाऱ्याचा निरोप मात्र स्वतः वर नेई, आणि होकार मिळाला की उतरताना आधी जुनी गाठ सोडी. त्या वर्षी मथाबाईच्या कांद्याची पहिली पाटी सुपडूच्याच घरी आली.

प्रॉक्सीही हीच रीत पाळतो. संकेतस्थळाचं पान नुसतं पाहायचं असेल तर साठवलेली प्रत देतो. काही पाठवायचं, बदलायचं किंवा पुसायचं असेल तर निरोप सर्व्हरपर्यंत नेतो आणि काम झालं की जुनी प्रत टाकून देतो.

तात्पर्य: विचारलेलं आठवणीतून सांगावं, मागितलेलं मात्र देणाऱ्याच्याच कानी घालावं, आपण परस्पर नाही म्हणू नये.