कंत्राटी क्रमांक दहा

सोमवार, सकाळचे साडेदहा. कलेक्टर कचेरीमागच्या गल्लीतलं डीटीपीचं दुकान. एक संगणक, एक बाक, खिडकीपाशी प्रुफांचा गठ्ठा.

“नऊच्या पुढं कुणीच नाही?”

विचारणारी सगुणा वाघमोडे. तिचा नवरा दशरथ कारखान्यात कंत्राटावर होता. बॉयलर फुटला त्याला आठ महिने झाले. दशरथचं नाव जखमींत नाही, मृतांत नाही. कुंकू लावायचं की पुसायचं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

चौकशी समितीचा अहवाल या दुकानात मांडणीला आला आहे, हे तिला कचेरीतल्या शिपायाने सांगितलं. समितीत सही करणारे चार साहेब आहेत. त्यांच्यापैकी एकानेही तिला दारात उभं केलेलं नाही.

संगणकावर शार्दूल बेंद्रे बसला होता. त्याने पानं दोनदा वर-खाली केली. मृत कायम कामगार, एक ते सहा. मृत कंत्राटी कामगार, एक ते नऊ.

यादी चुकली असेल, असं सगुणा म्हणाली. शार्दूलला ते लागलं. आकडे तो हाताने घालतच नाही, हे त्याने तिला समजावून सांगितलं. छायाचित्रांची मालिका वेगळी, तक्त्यांची वेगळी, कायम कामगारांची आणि कंत्राट्यांचीही वेगळी. चारही एकाच फायलीत चालतात, पण एकीचा आकडा दुसरीत शिरत नाही. मोजणी मशीन करतं.

“मध्ये एकही आकडा गळलेला नाही, ताई. म्हणजे माणूसही गळलेलं नाही.”

बाकावर खैरमोडे मास्तर प्रुफं वाचत होते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. पान कसं लावायचं ते शार्दूल त्यांच्याकडेच शिकला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“कंत्राट्यांतलं चौथं नाव काढ.”

शार्दूलने काढलं. पाचवा चौथा झाला, सहावा पाचवा. यादी आठवर थांबली.

“आता सांग, कोण गेलं?”

“मला माहीत आहे ना, मास्तर. मीच तर काढलं.”

“तुला माहीत आहे. वाचणाऱ्याला?”

...

शार्दूलने नाव परत जागेवर आणलं. मशीन चुकत नाही, असं काहीतरी पुटपुटला.

“तेच म्हणतोय,” मास्तर म्हणाले. “चुकलं असतं तर आकड्यांत भोक दिसलं असतं.”

मग त्यांनी विचारलं, या फायलीत मशीन मोजत नाही असा आकडा कुठे आहे.

शार्दूल विचारात पडला. त्याचा राग उतरला होता, आता त्यालाच हे जाणून घ्यायचं होतं. मजकुरात, तो म्हणाला. समितीने वाक्यांत लिहून दिलेले आकडे हाताने टाइप केलेले आहेत. यादी बदलली तरी ते जिथल्या तिथे राहतात. आणि यादी बदलली होती. गेल्या आठवड्यात समितीकडून दुरुस्त यादी आली, ती त्याने न वाचता जुनीच्या जागी टाकली होती.

“शोध.”

‘कंत्राटी क्र.’ सात ठिकाणी सापडलं. सहा ठिकाणी आकडा आणि माणूस जुळले. सातव्या ठिकाणी शार्दूलने माउसवरून हात उचलला.

सगुणाने विचारलं, काय लिहिलंय?

मास्तर उठून संगणकापाशी आले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी तिला सावकाश वाचून दाखवलं. पान एकेचाळीस. कंत्राटी क्रमांक दहा याचा मृतदेह बॉयलरच्या दाराशी आढळला.



शार्दूलने समितीच्या सचिवांना फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग फोनवर तळवा धरून वळला.

“टायपिंगची चूक आहे म्हणतात. दहाचा नऊ करा आणि आज छापायला पाठवा.”

मास्तरांनी एक पान मागे नेलं. नऊ क्रमांकाचा माणूस तिथे होता. गोदामात सापडलेला, नावासकट.

...

“करू का नऊ?” शार्दूलने विचारलं. आवाज खाली आला होता.

“फोन ठेवू नकोस,” मास्तर म्हणाले. “त्यांना विचार, दाराशी कोण होतं?”